फोनला रोज किती तासांची मर्यादा ठेवावी?

प्रश्न: पंधरा वर्षांचा मुलगा रोज सहा-सात तास फोनवर असतो. चिडचिड वाढलीय, सकाळी उठवत नाही. फोन काढून घेतला की घरात रणकंदन. मर्यादा किती ठेवावी आणि पाळायची कशी?

उत्तर १: आकडा नंतर, आधी रात्र सांभाळा. १३ ते १८ वयात ८ ते १० तास झोप लागते, आणि याच वयात मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक उशिरा स्रवू लागल्याने झोपही उशिरा येते. त्यात रात्री रील्स आणि ग्रुपवरच्या गप्पा सुरू राहिल्या, शाळा मात्र सकाळीच, की झोप तुटते. चिडचिडीचा बराच भाग तिथला असतो. झोपेआधी तासभर फोन खोलीबाहेर चार्जिंगला लावा. गजरासाठी साधं घड्याळ आणा, नाहीतर त्याच निमित्ताने फोन परत उशाशी येतो. एक वाजता झोपणाऱ्याला एकदम दहाला झोपवू नका, नुसता तळमळत पडेल. दर दोन-तीन दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे या. उठायची वेळ मात्र पहिल्या दिवसापासून पक्की. सुट्टीतही तासाभराहून जास्त फरक नको. नाइट मोडवर विसंबू नका, उजेड कमी झाला तरी समोरचा मजकूर जागं ठेवतोच.

उत्तर २: सेटिंग्जमधला अ‍ॅपनिहाय वापर मुलासोबत बसून बघा. मित्राशी बोलणं आणि न संपणारं स्क्रोलिंग एकाच मापाने मोजू नका. ऑर्बेन आणि प्रिझिबिल्स्की या संशोधकांच्या २०१९च्या अभ्यासात किशोरांच्या मनःस्वास्थ्यातल्या फरकांपैकी जास्तीत जास्त ०.४ टक्के फरकाचा डिजिटल वापराशी संबंध दिसला. ही सरासरी आहे. एखाद्या मुलाला होणारा त्रास तिच्यात दिसत नाही, म्हणून आपलं मूल बघायचं. ऑटोप्ले बंद करा, नोटिफिकेशन फक्त माणसांच्या मेसेजची ठेवा. नियम मोठ्यांनीही पाळायचे, नाहीतर आठवडाभरही टिकत नाहीत.

उत्तर ३: कधीकधी उलटं असतं: मन आधीच खचलेलं, आणि फोन हा त्यातला आडोसा. दोन आठवडे उदासी किंवा चिडचिड, मित्र टाळणं, खेळ-छंद सुटणं, भूक बदलणं असं दिसलं तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. मरणाची भाषा किंवा स्वतःला इजा असेल तर त्याच दिवशी, आणि मुलाला एकटं सोडू नका. सरळ विचारा, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. अशा वेळी शिक्षा म्हणून फोन हिसकावू नका, ज्याच्याशी तो मन मोकळं करतो तो मित्र कदाचित तिथेच असेल.

प्रश्नकर्ता: शाळेच्या ग्रुपवर रात्री दहाला गृहपाठ येतो, त्याचं काय?

उत्तर १: शिक्षकांना वेळ अलीकडे घ्यायला सांगा. तोवर तो ग्रुप पालकाच्या फोनवर ठेवा, गृहपाठ कागदावर उतरवून द्या.