'तळपती'ची गाणी शब्द न कळता ऐकली तर अर्धीच ऐकली – पटतंय का?

खर्ज:

मणिरत्नमचा तमिळ सिनेमा 'तळपती' १९९१ च्या दिवाळीत आला. हिंदीत डब झाल्यावर आपल्यातल्या अनेकांनी तो 'दळपती' म्हणून पाहिला. संगीत इळयराजांचं, शब्द कवी वालींचे. मी ही गाणी कॉलेजात असल्यापासून ऐकतोय. त्यातली कितीतरी वर्षं एक शब्दही कळत नव्हता आणि त्यानं काही बिघडत नाही असंच मी म्हणायचो. आता तसं म्हणवत नाही.

नोकरीमुळे दोन वर्षं कोइम्बतूरला होतो. भाषा कामापुरती आली. एका संध्याकाळी 'राक्कम्मा कैय तट्टु' लावलं होतं. टाळ्या, ढोल, व्हायोलिनांची धाव, सगळा दंगा चालू असताना मध्येच बायकी आवाजात एकदम देवळातलं वाटावं असं काहीतरी येतं ना, तिथे घरमालकीणबाई दारातच थांबल्या आणि पुढचे शब्द स्वतःच म्हणू लागल्या. ते वालींचं नाहीच. सातव्या शतकातले शैव संतकवी अप्पर यांचं चिदंबरमच्या नटराजावरचं पद आहे ते. त्यातल्या 'कोव्वै'चा अर्थ विचारला, तर त्यांनी कुंपणावरच्या वेलाचं पिकलेलं तोंडलं तोडून माझ्या तळहातावर ठेवलं. लालबुंद. देवाचे ओठ तसे. पदाचा अर्थ असा: बाकदार भुवया, त्या ओठांवर उमलतं हसू, ओल्या जटा, पोवळ्याच्या रंगाच्या अंगावर दुधासारखं भस्म, आणि तो उचललेला सोन्याचा पाय, हे बघायला मिळणार असेल तर या पृथ्वीवर माणसाचा जन्मही हवाच.

आता गोष्ट आठवा. सूर्या (रजनीकांत) म्हणजे कर्ण. कुमारी आईनं भोगीच्या दिवशी (पोंगलच्या आदल्या दिवशी, तिकडे तेव्हा जुन्या वस्तू जाळतात) मालगाडीत सोडलेलं मूल. ज्याचा जन्म कुणाला नको होता, त्याच्या नाचगाण्याच्या मधोमध 'माणसाचा जन्म हवाच' असं पद!

मग मी बाकीची गाणी शब्द लावून ऐकली. 'काट्टुक्कुयिलु' हे देवा आणि सूर्याच्या मैत्रीचं गाणं भोगीचं आहे: जुनं सगळं जाळून टाक, आत्ताच नव्यानं जन्मलो असं समज. भोगीला टाकलेल्या पोराला भोगीलाच मित्र हे सांगतो. 'सुंदरी कण्णाल ओरु सेदी'त 'तुझ्यासाठी स्वतःला दिलं, त्यासाठीच जन्म घेतला'. आणि 'चिन्न तायवळ' तर आईचंच. जन्म हा एकच धागा सगळीकडे आहे. नुसत्या चाली ऐकणाऱ्याला तो सापडणारच नाही.

रानवारा:

मनापासून असहमत. तोंडल्याची गोष्ट सुंदर आहे, पण ती तुमची आठवण झाली, गाण्याचा गुण नव्हे.

त्यागराजांच्या कृती तेलुगूत आहेत. चेन्नईच्या सभांमधून पिढ्यान्‌पिढ्या त्या ऐकणाऱ्या किती तमिळ श्रोत्यांना तेलुगू येतं? आपण ख्यालातली ब्रज बंदिश ऐकतो, त्यातले निम्मे शब्द गायकाच्या तोंडातच विरघळलेले असतात. म्हणून मारवा अर्धा पोचला असं कोणी म्हणत नाही. मला तमिळ 'वणक्कम'पलीकडे येत नाही आणि 'सुंदरी'चं वाद्यवृंदाचं काम ऐकताना दर वेळी अंगावर काटा येतो. तो अर्धा काटा आहे का?

दुसरं, 'जन्म' हा शब्द भारतीय प्रेमगीतात कुठे नसतो? हिंदीत 'जनम जनम का साथ' किलोच्या भावानं मिळतो. चार गाण्यांत एक शब्द आला म्हणून लगेच धागा विणायचा?

सोलापुरी चादर:

+१ रानवारा. आणि गुणवत्तेचा पुरावा हवा असेल तर आकडाच घ्या. २००२ मध्ये बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसनं जगभरातून मतं मागवून दहा आवडती गाणी काढली, त्यात 'राक्कम्मा' चौथं होतं. 'वंदे मातरम' दुसरं. मतं देणाऱ्या सगळ्यांनाच अप्पर कोण हे माहीत होतं का?

तिसरी घंटा:

सोलापुरी, त्या यादीत पहिलं आलेलं गाणं आयरिश देशभक्तीचं होतं आणि तिसरं 'दिल दिल पाकिस्तान'. त्यावरून कुठले चाहते किती जिद्दीनं मतं देतात एवढंच कळलं. त्यानं गाणं मोठंही होत नाही आणि लहानही.

माझा आक्षेप वेगळाच आहे. संगीत अप्रतिम आहे, पण ते या सिनेमाचं नाही. सूर्या वस्तीतला दांडगट माणूस. त्याच्या प्रेमगीताला एवढा भव्य वाद्यवृंद, घोडे, चिलखतं, सामुराईसारखे योद्धे! संतोष सिवनचा कॅमेरा देखणा आहे हे मान्य, पण काही मिनिटं गोष्ट बाजूला ठेवून आपण दुसऱ्याच सिनेमात जाऊन येतो. कॅसेटवर ऐकायला उत्तम, पटकथेत ओझं. 'पुत्तम पुदु पू' बघा. येसुदास-जानकींचं इतकं तरल गाणं, आणि ते सिनेमात घेतलंच नाही. दिग्दर्शकालाही कुठेतरी जास्त होतंय असं वाटलं असणारच ना?

अड्यारची ताई:

तिसरी घंटा, मी अठरा वर्षं चेन्नईत आहे (माहेर सांगली) आणि 'सुंदरी'च्या बाबतीत तुमच्याशी कडाडून भांडणार आहे.

ती चिलखतं कर्णाची आहेत हो! आपण मराठी माणसं कर्णावरच्या कादंबऱ्या उशाशी घेऊन मोठे झालो, आपल्याला हे सांगावं लागू नये. कर्णाचं दुःख काय? तो योद्धा आहे, पण जग त्याला सूतपुत्र म्हणतं. सूर्याला जागेपणी फक्त मारामारी मिळते. रणांगण, ध्वज, वाट बघणारी राणी हे त्याला गाण्यातच मिळू शकतं. म्हणून तिथे वाद्यवृंद एवढा मोठा हवाच. त्याच्या आयुष्यात जे नाही ते सगळं इळयराजांनी त्या तंतुवाद्यांना आणि रणशिंगांना देऊन टाकलंय. आणि गाण्यात शब्द आहेत, 'तुला सोडून जाणार नाही, सोडलं तर झोप लागणार नाही'. पुढे सूर्याची प्रेयसीच जाते. लग्न होतं तेही अर्जुनशी, म्हणजे त्याच्या आईच्या दुसऱ्या मुलाशी. एवढ्या भव्य गाण्याशिवाय ते जाणं एवढं लागलं असतं का?

आणि मुंबईकरांनो, तुमचाही यात वाटा आहे. त्या गाण्याचा वाद्यवृंद मुंबईत ध्वनिमुद्रित झाला, आर. डी. बर्मन यांच्याकडे वाजवणाऱ्या वादकांकडून. पन्नैपुरमसारख्या तमिळ खेड्यातून आलेल्या इळयराजांनी लिहिलेलं नोटेशन मुंबईच्या वादकांनी वाजवलं.

'पुत्तम पुदु पू' वगळलं ते मलाही अजून सलतं. तिथे तुमच्याशी वाद नाही.

तिसरी घंटा:

ताई, कर्णाच्या चिलखताचं माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. सामुराई बघून मी जपानला गेलो आणि कुरुक्षेत्र राहिलं. तरीही मी म्हणेन की हे सुचायला प्रेक्षकाला इतकं चालावं लागू नये.

बारा मावळ:

मला या धाग्यात सैराट (२०१६) आठवतोय. अजय-अतुल इळयराजांना गुरुस्थानी मानतात, हे त्यांनी कितीदा तरी सांगितलंय. गावाकडच्या पोराच्या प्रेमाला लॉस एंजेलिसमध्ये ध्वनिमुद्रित केलेला सिम्फनी वाद्यवृंद, हे आपल्याकडे सगळ्यांनी डोक्यावर घेतलं. परश्याला चालतो तर सूर्याला का नाही? रांगड्या माणसाच्या मनात मोठं संगीत वाजू शकतं, हे इळयराजांनी आधीच दाखवून ठेवलं होतं. तेही खेड्यातूनच आले, भावाच्या मंडळीबरोबर गावोगाव गात फिरले आणि मद्रासला येऊन धनराज मास्तरांकडे पाश्चात्त्य संगीत शिकले. लोकगीताचा ठेका आणि व्हायोलिनांचा ताफा एकाच घरात नांदतात ते त्यामुळे.

सोलापुरी चादर:

पण मग मणिरत्नमनं त्यांना सोडलं का? पुढच्याच वर्षी 'रोजा' आला आणि रहमान. ते इळयराजांकडे परत गेलेच नाहीत. दिग्दर्शकालाच तो आवाज जुना वाटला असेल तर?

खर्ज:

सोलापुरी, दोघांचं कशावरून फाटलं यावर आपण अंदाज बांधू नये. मला दिसतं ते एवढंच की १९८३ च्या 'पल्लवी अनुपल्लवी'पासूनची सोबत 'तळपती'वर थांबली, आणि शेवटचं काम एवढं भरगच्च होतं. रोजा मलाही प्रिय आहे. एकाचं कौतुक करायला दुसऱ्याला खाली बसवायला नको.

रानवारा, तुमचा 'किलोच्या भावानं' मला झोंबला, म्हणून दोन दिवस पुन्हा सगळं ऐकलं. 'सुंदरी'तला जन्म प्रेमगीताचा नेहमीचा जन्म आहे असं कोणी म्हटलं तर मी हट्ट धरणार नाही. पण भोगीचं गाणं आणि नटराजाचं पद योगायोगानं तिथे आलं असं मला पटत नाही. सिनेमाची सुरुवातच कृष्णधवल भोगीनं होते, त्यात ती पोर बाळाला घेऊन पळते. कुठलंही देवाचं पद चाललं असतं. तेच का घेतलं?

अड्यारची ताई:

खर्ज, इथे मात्र रानवाऱ्याची बाजू घेते. ते पद इथे फार प्रसिद्ध आहे. देवळात, शाळेत, कुठेही कानावर पडतं. देवळाचा प्रसंग म्हटलं की तमिळ माणसाला पहिल्यांदा आठवणाऱ्या पदांपैकी ते एक. निवडताना जन्माचा विचार झाला असेलच असं नाही. झाला नसेलच असंही नाही म्हणा. पण ऐकणाऱ्याला ते भिडतं हे खरं. सूर्याकडे बघत शेवटची ओळ मीही कधी ऐकली नव्हती, आता तशीच ऐकू येणार.

रानवारा:

ताईंचे आभार. पण आता मलाच एक कबुली द्यायची आहे, आणि ती मी खर्ज यांच्या बाजूनं देतोय की माझ्या, ते तुम्हीच ठरवा.

काल रात्री 'चिन्न तायवळ' लावलं. एस. जानकी. आधी कधीच शब्दांकडे लक्ष दिलं नव्हतं. एका ओळीत मला ऐकू आलं की तेच शब्द उलटून परत आले: 'नी वर', मग 'ताय वर'. तमिळ येत नसताना कानाला ती घडी कळली. कापड दुमडल्यासारखी, दोन्ही टोकं एकमेकांवर. मग अर्थ शोधला. तू यावास म्हणून आई रडली, आई यावी म्हणून तू रडलास.

पहिली वेण आणि पहिलं रडू, एकाच ओळीत. म्हणजे घडी मला आधी कळली आणि तिच्यात काय ठेवलंय ते नंतर. नुसत्या सुरांवर पोचलो असतो असं मी आता छातीठोकपणे म्हणणार नाही. पण सुरांनीच मला त्या ओळीपर्यंत नेलं, हेही सोडणार नाही.

'यमुनै आट्रिले' मात्र अर्थाशिवायच ठेवणार आहे. दीड मिनिटाचंही नाही ते, आपला यमनच. कृपया कोणी सांगू नका.

खर्ज:

नाही सांगत. फक्त एवढंच, की गवळणी आणि विरहिणी ऐकून वाढलेल्या मराठी कानाला ते सांगावंही लागणार नाही.

अड्यारची ताई:

अहो, सांगितलंत की!

रानवारा:

राधा वाट बघतेय. मला माहीत होतं. ते आधीच ऐकू आलं होतं.