डिस्कसच्या टाकीत झाडं लावावीत का?

खांडेपारकाठ (फोंडा)

माझं मत स्पष्ट मांडतो, पटलं नाही तर जरूर खोडून काढा. डिस्कस, म्हणजे थाळीसारखे चपटे गोल मासे, पाळायचे असतील तर झाडांची टाकी करू नका. झाडांची हौस असेल तर टेट्रासारखे छोटे मासे ठेवा, डिस्कसची असेल तर टाकीचा तळ उघडा, वाळू-मातीविना ठेवा.

दिवाळीनंतर मी चार बाय दीड बाय दीड फुटांची टाकी केली, साधारण २५५ लिटरची. खाली ॲक्वासॉइल (झाडांसाठीची खतयुक्त माती), बाजूला सीओटूचा (कार्बन डायऑक्साइडचा) सिलिंडर, पुढे गवताचा गालिचा, मागे रोटालाची झाडं. सहा आठवडे टाकी माशांविना चालवली आणि मग अडीच इंचांची सहा पिल्लं आणली. टाकी इतकी देखणी झाली होती की घरी आलेला माणूस तिच्यासमोरून उठत नसे. मासे मात्र वाढलेच नाहीत. पिल्लांना दिवसातून चार-पाच वेळा खायला लागतं, आणि हा मासा सावकाश खाणारा. सुंगटं (कोळंबी) कुटून केलेलं खाणं उरलं की गालिच्यात जाऊन बसायचं, आणि तिथे सायफन, म्हणजे घाण ओढून घ्यायची नळी, फिरवला तर गवतच उपटून यायचं. तिसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी पाणी बदललं आणि त्याच रात्री दोन मासे गेले. उरलेले चार काळवंडले. अंग लहान आणि त्या मानाने डोळे मोठे दिसू लागले, म्हणजे वाढ खुंटलेली.

आता ते चौघे उघड्या तळाच्या टाकीत आहेत. स्पंज फिल्टर, रोज अर्धं पाणी बदल, बाकी काही नाही. दहाव्या दिवशी ते काचेजवळ येऊन खाणं मागू लागले.

आणि ॲमेझॉनच्या खोऱ्यात तरी हा मासा गवतात कुठे राहतो? पुरात बुडालेल्या रानात, मुळांच्या आणि पडलेल्या फांद्यांच्या आडोशाला राहतो. ‘नैसर्गिक टाकी’ म्हणून आपण जे मांडतो ते आपल्या डोळ्यांसाठी असतं.

हिरवी पानं (मडगाव)

दादा, मासे गेल्याचं वाईट वाटलं. पण त्याचं खापर तुम्ही झाडांवर फोडताय ते पटत नाही. अडीच इंचांची पिल्लं झाडांच्या टाकीत सोडायचीच नाहीत. माझ्या टाकीत एकही मासा पाच इंचांखालचा आला नाही.

माझी टाकी पाच बाय दोन बाय दोन, म्हणजे साडेपाचशे लिटरच्या वर. सात डिस्कस, चौथं वर्ष चालू आहे. सॉइल नाही, सीओटू नाही. तळाला इंचभर वाळू, आणि पुढचा अर्धा भाग पूर्ण मोकळा, म्हणजे खाणं तिथेच पडतं आणि तिथूनच सायफनने निघतं. ॲमेझॉन सोर्ड मी मातीच्या कुंड्यांत लावलेत. अनुबियास आणि जावा फर्न लाकडाला बांधलेत. एका कोपऱ्यात व्हॅलिस्नेरिया. दिवा सात तास. पाणी २९ अंशांवर. मोठ्या माशांना दोनदा खाणं पुरतं, आठवड्यातून दोनदा चाळीस टक्के पाणी बदलते. माशांच्या घाणीतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात होणारा अमोनिया झाडं स्वतःच ओढून घेतात, तुमच्या उघड्या टाकीत ते काम एकट्या स्पंजवर आहे.

शिवाय आपण गोव्यात राहतो याचा विचार करा. देशावर बोअरचं जड पाणी मऊ करायला लोक आरओ बसवतात. आपल्याकडे जांभ्यातून येणारं विहिरीचं पाणी मुळातच मऊ. हीटर मला डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींपुरता लागतो. ज्या माशाला २८ ते ३० अंश हवेत त्याच्यासाठी याहून चांगली जागा कुठली?

पाणवठा (पेडणे)

मऊ पाण्याचं कौतुक मीही करतो, पण त्याची दुसरी बाजू सांगितली पाहिजे. दादांचे मासे तिथेच गेले असावेत असं मला वाटतं.

मऊ पाण्यात पीएच (आम्लपणाचा आकडा, जितका कमी तितकं पाणी आम्ल) धरून ठेवणारे क्षार फार थोडे असतात. ॲक्वासॉइल तेवढेही शोषून घेतं, वरून सीओटू. पीएच घसरत जातो. सहाच्या खाली गेला की अमोनिया संपवणारे जिवाणू मंदावतात आणि घाण साचू लागते. पण आम्लधर्मी पाण्यात ती अमोनियमच्या रूपात असते, ते माशाला फारसं बाधत नाही, म्हणून वरून सगळं ठीक दिसतं. अशा टाकीत साडेसात पीएचचं नळाचं पाणी भसकन ओतलं की साचलेल्या अमोनियमचा थोडा भाग तिथल्या तिथे विषारी अमोनिया होतो, आणि तेवढाही माशाला भारी पडतो. पाणी जितकं गरम तितका जास्त.

दादा, त्या संध्याकाळी किती पाणी बदललं होतं?

खांडेपारकाठ

साठ टक्के. पीएच त्या दिवशी मोजला नव्हता, पण आठवड्यापूर्वी ५.६ होता. ॲमेझॉनसारखं पाणी जमलं म्हणून मला आनंदच झाला होता. रात्री अकराला मासे वर येऊन धापा टाकत होते.

तुमचं निदान पटतंय, आणि हे आधी कोणी सांगितलं असतं तर दोन जीव वाचले असते. पण सॉइल आणि सीओटू मी आणलं कशासाठी? झाडांसाठीच ना?

हिरवी पानं

त्या झाडांसाठी. गालिचा २४-२५ अंशांत खुलतो, गरम पाण्यात सीओटू टिकत नाही, मग आपण बुडबुडे वाढवत बसतो आणि मासा गुदमरतो. डिस्कसच्या उष्णतेत जगणारी झाडं आधी ठरवा. ती सीओटू मागतच नाहीत.

डोंगरपायथा (वाळपई)

मी दादांच्या बाजूचा, वेगळ्या कारणाने. आमच्याकडे पावसाळ्यात एकदा वीज गेली की कधी येईल सांगता येत नाही. रात्री अंधारात झाडं प्राणवायू सोडत नाहीत, उलट माशांबरोबर तीही तो घेतात. ३० अंशांच्या पाण्यात तो मुळात लिटरला साडेसात मिलिग्रॅमच्या आसपासच मावतो. फिल्टर बंद, पाण्याची हालचाल बंद, टाकी झाडांनी भरलेली. पहाटेपर्यंत काय उरणार? उघड्या टाकीत निदान वाटेकरी कमी.

हिरवी पानं

मुद्दा खरा आहे. माझा एअर पंप इन्व्हर्टरवर आहे, दिवा नाही, फिल्टर नाही, फक्त एअर पंप. आणि झाडांनी टाकी भरू नये हे मी आधीपासून म्हणतेय.

पाणवठा

पावसाचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. नदी गढूळ झाली की नळाच्या पाण्याला क्लोरिनचा वास वाढतो. त्या दिवसांत नेहमीच्या मापाने अँटी-क्लोरिन घालून भागत नाही. मी ड्रममध्ये पाणी भरून एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून रात्रभर ठेवतो. विहिरीचं असलं तरी ठेवतोच, कारण जमिनीतल्या पाण्यात सीओटू विरघळलेला असतो, तो उडाला की पीएच बदलतो आणि मगच त्याचा खरा आकडा कळतो.

लाकूड आणि पानं आपल्या पद्धतीने मिळवता येतात. बदामाची गळलेली तपकिरी पानं उन्हात वाळवून टाका, पाण्याला चहाचा रंग येतो आणि बुजरा मासा त्यात लवकर रुळतो. किनाऱ्यावर वाहून आलेलं लाकूड मात्र नको, त्यात मीठ मुरलेलं असतं. खारफुटीच्या मुळांना तर हातच लावू नका. आपल्या ओहोळांत क्रिप्टोकोरिन स्पायरालिस उगवते, तीही तिथून उपटून आणू नये. रोपवाटिकेतली घ्या.

खांडेपारकाठ

पिल्लांबद्दल मी जे म्हणालो त्यावर ठाम आहे. चौघे पाच इंचांचे होईपर्यंत उघड्याच तळावर राहतील. तोवर मोठी टाकी रिकामी करून सॉइल काढतो आणि वाळू घालतो. सिलिंडर कोणाला हवा असेल तर घेऊन जावा.

ताई, सोर्डच्या कुंडीत माती कोणती घालता?

हिरवी पानं

माती नाही, दादा. जाड वाळू आणि मुळाशी खताची एक गोळी. वर गोटे ठेवायला विसरू नका, डिस्कस तोंडाने फुंकून वाळू उडवतात आणि रोप तरंगत वर येतं.