फोर्क (मूळ रेपोची, म्हणजे कोडच्या साठ्याची, आपली प्रत) ३८६ कमिट (नोंदवलेले बदल) मागे पडला आहे. स्वतःचे बदल न गमावता मूळ रेपोशी कसा जुळवायचा?

हिशेबनीस:
गिटहबवर ईआरपीनेक्स्टचा (हिशेब-व्यवसायाचं सॉफ्टवेअर) फोर्क आहे. व्हर्जन-१५ ब्रँच (कोडची एक शाखा) वापरतो आणि तिच्यावरच आमच्या ११ कमिट आहेत: सेल्स इनव्हॉइसमध्ये दोन जादा फील्ड, बाकी पायथनमधल्या किरकोळ दुरुस्त्या. 'सिंक फोर्क' दाबलं की या ११ कमिट टाकून द्या नाहीतर पुल रिक्वेस्ट उघडा, एवढंच म्हणतं. लॅपटॉपवर गिट पुल केलं तर म्हणे 'ऑलरेडी अप टू डेट'. मूळ रेपोतले नवे टॅगही (आवृत्त्यांच्या खुणा) फोर्कात येत नाहीत. सर्व्हरवर याच ब्रँचवरून बेंच (ईआरपीनेक्स्ट बसवण्याचं-चालवण्याचं साधन) अपडेट चालतं. मर्ज (दोन ब्रँच एकत्र जोडणं) करू की रिबेस (आपल्या कमिट मूळच्या ताज्या कोडवर पुन्हा रचणं)?

शाखामृग:
आधी ते 'टाकून द्या'चं बटण विसरा. ते फोर्कातली ब्रँच थेट मूळ ब्रँचच्या जागी नेऊन ठेवतं. तुमच्या ११ कमिट मग फक्त ज्याच्या मशीनवर क्लोन (रेपोची उतरवलेली प्रत) असेल त्याच्याकडे उरतील.

गिट पुल खोटं बोलत नाही. तुमचा ओरिजिन म्हणजे तुमचाच फोर्क आणि त्यात नवं काहीच आलेलं नाही. मूळ रेपो वेगळा रिमोट म्हणून जोडावा लागतो:

गिट रिमोट अ‍ॅड अपस्ट्रीम (मूळ रेपोचा पत्ता)
गिट रिमोट सेट-यूआरएल --पुश अपस्ट्रीम बंद
गिट फेच अपस्ट्रीम --टॅग्ज

दुसऱ्या ओळीमुळे चुकून तिकडे पुश होत नाही. हे लॅपटॉपवरच करा. बेंच अ‍ॅप आणतं तेव्हा रिमोटचं नावच 'अपस्ट्रीम' ठेवतं, म्हणजे सर्व्हरवर 'अपस्ट्रीम' हा तुमचा फोर्क असेल. कुठेही हात घालण्यापूर्वी 'गिट रिमोट -व्ही' बघा.

खरा घोळ हा की एकाच ब्रँचवर त्यांचंही काम आहे आणि तुमचंही. ते वेगळं करा:

गिट स्विच व्हर्जन-१५
गिट ब्रँच आमची-१५
गिट पुश ओरिजिन आमची-१५

आता सर्व्हर 'आमची-१५'वर न्या. ते झाल्याशिवाय पुढे जाऊ नका, नाहीतर व्हर्जन-१५चा इतिहास बदलल्यावर सर्व्हरवरचं पुल अडकेल. मग:

गिट रीसेट --हार्ड अपस्ट्रीम/व्हर्जन-१५
गिट पुश --फोर्स-विथ-लीज ओरिजिन व्हर्जन-१५

इथून पुढे व्हर्जन-१५ला हात लावायचा नाही. ती मूळची निव्वळ प्रत राहिली की 'सिंक फोर्क' बटण बिनतक्रार चालतं. नवं आलं की आधी लॅपटॉपवरची व्हर्जन-१५ पुल करा, मग 'आमची-१५'वर जाऊन 'गिट मर्ज व्हर्जन-१५'.

एक खाच: बेंचचा क्लोन बहुधा उथळ असतो, डेप्थ १चा (फक्त शेवटची कमिट), आणि त्यात एकच ब्रँच येते. 'आमची-१५' सापडत नाही असं म्हणाला, तर सर्व्हरवर 'गिट रिमोट सेट-ब्रँचेस --अ‍ॅड अपस्ट्रीम आमची-१५' आणि मग फेच. तिथे मर्ज करायला मात्र जाऊ नका. उथळ इतिहासात दोन ब्रँचचा समाईक पूर्वज नसतो, त्यामुळे 'अनरिलेटेड हिस्टरीज' म्हणून नकार मिळतो.

निळी_शाई:
मर्जला माझा अर्धाच पाठिंबा. चार वेळा मर्ज झालं की आपले बदल नेमके कोणते हे शोधणं जिकिरीचं होतं; रिबेसमध्ये ते कायम वरच्या थरात दिसतात. पण सर्व्हर ज्या ब्रँचवरून पुल करतो ती रिबेस करू नये, हे खरं.

रिबेस केलाच तर दोन गोष्टी. कॉन्फ्लिक्टमध्ये (तीच ओळ दोन्हीकडे वेगळी बदललेली असते तेव्हा) 'अवर्स' आणि 'देअर्स' उलटे होतात: 'अवर्स' म्हणजे मूळ रेपोचा कोड, 'देअर्स' म्हणजे तुमची कमिट. घाईत इथेच लोक स्वतःचे बदल पुसतात. दुसरं, एडिटर मागच्या मागे ऑटो-फेच करत असेल तर फोर्स-विथ-लीजचं संरक्षण (दुसऱ्याचं पुश पुसलं जाऊ नये म्हणून असलेलं) उरत नाही. सोबत --फोर्स-इफ-इन्क्लूड्स द्या, गिट २.३० पासून आहे.

मर्ज असो की रिबेस, सेल्स_इनव्हॉइस डॉट जेसनमध्ये दर वेळी भांडण होणार. डॉकटाइप (सेल्स इनव्हॉइससारख्या फॉर्मची रचना) सेव्ह केला की 'मॉडिफाइड'ची वेळ बदलते, म्हणजे ती ओळ दोन्हीकडे वेगळी असणारच. शिवाय 'फील्ड_ऑर्डर'ची यादी. 'गिट कॉन्फिग रेरेरे.इनेबल्ड ट्रू' केल्यावर तोच कॉन्फ्लिक्ट पुन्हा आला तर गिट जुनं उत्तर लावतं, पण 'मॉडिफाइड' दर वेळी नवी असल्याने इथे त्याचा उपयोग नाही. पायथन फायलींना होईल.

हिशेबनीस:
मग ती दोन फील्ड फोर्कात ठेवूच नयेत का? जुन्या बिलांमधला डेटा जाईल ना?

शाखामृग:
ठेवू नयेतच. कस्टम अ‍ॅप करा, फील्ड 'कस्टम फील्ड' म्हणून फिक्स्चरमध्ये (अ‍ॅपसोबत जाणाऱ्या नोंदींच्या फायलीत) टाका. डेटा जात नाही: डॉकटाइपमधून फील्ड काढलं तरी फ्रापे (ईआरपीनेक्स्ट ज्यावर उभं आहे ते फ्रेमवर्क) डेटाबेसमधला कॉलम उडवत नाही. मात्र फील्डनेम आणि प्रकार हुबेहूब तोच द्या. नाव रिकामं सोडलंत तर पुढे 'कस्टम_' लागून नवा, रिकामा कॉलम तयार होईल. मायग्रेटमध्ये (डेटाबेस नव्या कोडशी जुळवताना) आधी डॉकटाइप जुळतात, मग फिक्स्चर, त्यामुळे दोन्ही बदल एकत्र गेले तरी चालतं. मधल्या काळात 'बेंच ट्रिम-टेबल्स' चालवू नका, ते असे अनाथ कॉलम साफ करतं. बॅकअप तर घ्याच, आणि आधी टेस्ट साइटवर.

पायथनच्या दुरुस्त्यांपैकी पुष्कळशा हुक्समधल्या (मूळ कोडला हात न लावता आपला कोड जोडण्याच्या जागा) 'डॉक_इव्हेंट्स'वर किंवा 'ओव्हरराइड_डॉकटाइप_क्लास'ने निघतात. आणि त्यातल्या काही मूळ रेपोत आधीच आल्या असतील. बघा:

गिट चेरी -व्ही अपस्ट्रीम/व्हर्जन-१५ आमची-१५

वजा चिन्हाची कमिट तिकडे पोचलेली आहे, अधिकची नाही. हॅश (कमिटचा ओळख-क्रमांक) वेगळा असला तरी बदल तोच असेल तर ओळखतं. अनेक कमिट स्क्वॉश करून (एकातच मिसळून) घेतलेल्या असतील तर मात्र ओळखत नाही, तेव्हा डिफ वाचण्याला पर्याय नाही.

निळी_शाई:
टॅगचं राहिलं. 'सिंक फोर्क' फक्त निवडलेली ब्रँच आणतं, टॅग नाही. 'गिट पुश ओरिजिन --टॅग्ज' तुम्हालाच करावं लागेल.

आणि व्हर्जन-१६साठी फोर्कात ब्रँच दिसली नाही तर डेव्हलप (पुढच्या आवृत्तीचं काम चालतं ती मुख्य ब्रँच) वरून तयार करू नका. फोर्क करताना 'फक्त डिफॉल्ट ब्रँच' वर टिक असली की बाकीच्या येतच नाहीत. 'गिट स्विच -सी व्हर्जन-१६ अपस्ट्रीम/व्हर्जन-१६' करा आणि ओरिजिनला पुश करा. डेव्हलपवरून काढलेल्या ब्रँचमध्ये पुढच्या आवृत्तीचे पॅच असतात. ते एकदा मायग्रेटमध्ये चालले की डेटाबेस मागे आणायला बॅकअपच लागतो.