शब्दचर्चा : कर 'चुकवला' म्हणजे भरला की बुडवला?

तेरणाकाठ

परवा बारावीच्या एका पोरानं निबंधात लिहिलं, 'प्रत्येक नागरिकाने आपला कर वेळेवर चुकवावा.' मी लाल पेन उचललं आणि हात तसाच थांबला. पोराच्या घरी दखनी बोलतात. त्याच्या कानाला 'टॅक्स चुकाना' म्हणजे भरणंच. मराठीत मात्र कर चुकवणारा माणूस म्हणजे लबाड.

पण मग मराठीतच आपण 'हिशोब चुकता केला' म्हणतो, तिथं भरण्याचाच अर्थ आहे. त्याच पोराच्या बापाला तुरीचा चुकारा मिळाला की घरात पैसा येतो, आणि नाही मिळाला की पेपरात 'चुकारे रखडले' असा मथळा येतो. म्हणजे चुकारा हे देणं आणि कामचुकार हा अंग राखणारा. एकाच घरातले दोन भाऊ, एक सावकाराकडं जाऊन पैसे देऊन येणारा, दुसरा सावकार दिसला की गल्ली बदलणारा.

दुसरा प्रश्न यालाच चिकटलेला. एप्रिल २०१६ मध्ये पनामा पेपर्स फुटले, म्हणजे परदेशात कंपन्या काढून देणाऱ्या पनामातल्या एका फर्मचे गुपित कागद, एक कोटी पंधरा लाख. तेव्हापासून मराठी पेपर वाचतो आहे, सरसकट 'करचुकवेगिरी'. इंग्रजीत दोन वेगळे शब्द आहेत, एक कायदा मोडून कर न भरणं ('इव्हेजन') आणि एक कायद्याच्या फटीतून निसटणं ('अव्हॉइडन्स'). दुसऱ्यासाठी मी वर्गात 'कर टाळणे' वापरतो. बरोबर आहे का? जाणकारांनी सांगावं.

मोंढ्यातला मुनीम

मास्तर, तुमच्या इंग्रजीत दोन असतील, आमच्या मोंढ्यात पाच हायेत. चाळीस वर्षं आडतीच्या गादीवर काढली, सांगतो.

पीपीएफमध्ये पैसे टाकले, कर 'वाचवला'. याला कुणी नावं ठेवत नाही, उलट बायको कौतुक करते. रिटर्न भरलं पण रक्कम भरली नाही, कर 'थकवला'. ठिबकच्या पाइपाची गाडी बिनबिलाची गेली, कच्च्या चिठ्ठीवर हिशोब झाला, कर 'बुडवला'. आता मधले दोन राहिले, टाळणं अन् चुकवणं, तिथंच सगळा घोळ हाय.

आमच्याकडं एक जण होता (नाव नको, त्याची पोरं चांगली हायेत). धंदा शहरात प्लॉटिंगचा, अन् दरसाल दोन एकर कोरडवाहू रानात डाळिंब दाखवायचा चाळीस लाखाचं. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा प्राप्तिकर नाही, हे त्याला पाठ. रानात एक झाड नाही. याला तुम्ही काय म्हणता? त्याचा सीए म्हणायचा 'प्लॅनिंग'. आम्ही म्हणायचो 'बुडवलं'. ज्याच्या रानात खरंच डाळिंब हाय, त्यानं मात्र ना टाळला ना चुकवला. त्याला तो कर लागूच नाही.

बालाघाट

मुनीमजींच्या मधल्या दोन शब्दांसाठी आमच्या घरातली एक गोष्ट. आमचं गाव बार्शीच्या शिवेला, पण अलीकडं, मोगलाईत. नव्या पिढीसाठी सांगतो, निजामाच्या राज्याला आमचे आजे 'मोगलाई'च म्हणायचे. बार्शी इंग्रजांकडं. निजामाचं नाणं वेगळं, तसा जकातीचा महसूलही वेगळा, त्याचं नाव करोडगिरी. शिव ओलांडताना करोडगिरीचा नाका लागायचा.

आजोबा सांगायचे, गावात दोन तऱ्हेची माणसं होती. एक म्हणायचा, 'नाक्यावर पैसे कोण भरील, मी माझा माल इकडंच विकतो.' भाव कमी मिळायचा, पण झोप लागायची. हा नाका *टाळणारा*. दुसरा रात्री बैलांच्या गळ्यातल्या घंटा काढायचा आणि ओढ्यानं गाडी पलीकडं न्यायचा. हा नाका *चुकवणारा*. आजोबांच्या तोंडी हे दोन शब्द कधी अदलाबदल झाले नाहीत. टाळणाऱ्यावर वेळच येत नाही. चुकवणाऱ्यावर वेळ आलेली असते, आणि तो तिच्या नजरेतून निसटतो. 'वार चुकवला' म्हणतो ना आपण? वार झालेलाच असतो.

हिशोबनीस, जालना

बालाघाटांच्या घंटा आवडल्या. पण आजोबांच्या गावात तिसरा माणूस नव्हता, तो नंतर जन्माला आला. तो दिवसाढवळ्या घंटा वाजवत नाक्यावरून जातो आणि कागद दाखवतो की ही गाडी माझी नाहीच, एका बेटावरच्या कंपनीची आहे. नाकेदार कागद बघतो, कागद बरोबर असतो. त्याला काय म्हणणार?

सर्वोच्च न्यायालयाची मॅकडॉवेल या दारूच्या कंपनीची केस १९८५ ची. तिथं म्हटलं गेलं की कायद्याच्या चौकटीतलं नियोजन चालेल, पण नुसता कायद्याचा रंग फासलेली क्लृप्ती नियोजनात धरता येणार नाही. पुढं २०१२ मध्ये व्होडाफोनचा निकाल आला. भारतातला मोबाइलचा धंदा हातोहात विकला गेला, सुमारे अकरा अब्ज डॉलरचा सौदा, पण कागदावर विकला गेला तो केमन बेटांवरच्या एका कंपनीचा शेअर. कोर्ट म्हणालं, आहे त्या कायद्यात इथं कर लागत नाही. सरकारनं त्याच वर्षी कायदा बदलला, तोही मागच्या तारखेपासून, आणि २०२१ मध्ये ती मागची तारीख परत घेतली.

शब्दचर्चेच्या दृष्टीनं खरी गंमत पुढं आहे. १ एप्रिल २०१७ पासून प्राप्तिकर कायद्यात एक सर्वसाधारण नियम लागू झाला, 'जनरल अँटी-अव्हॉइडन्स रूल', आमच्या बोलण्यात 'गार' (GAAR). तीन कोटींच्या वर करफायदा आणि तो मिळवणं हाच व्यवहाराचा मुख्य हेतू, शिवाय व्यवहार पोकळ किंवा कायद्याचा गैरवापर करणारा असेल, तर खातं तो व्यवहार बाजूला सारून कर लावू शकतं. या नियमाच्या इंग्रजी नावातच 'टाळण्याविरुद्ध' असं आहे. चुकवण्याविरुद्ध नाही! म्हणजे 'टाळणं कायदेशीर, चुकवणं बेकायदेशीर' हे जे आपण परीक्षेत लिहून मार्क मिळवले, ते कायद्यानंच अर्धं पुसलं. आता टाळण्याच्याही दोन जाती, चालणारं आणि न चालणारं.

तेरणाकाठ

हे मला नवीन. म्हणजे मी वर्गात जो तक्ता काढतो त्याला तिसरा रकाना हवा.

मोंढ्यातला मुनीम

रकाने वाढवा, पण शब्द नवा काढू नका. 'करपरिवर्जन' का काहीतरी एका पुस्तकात वाचलं होतं. गिऱ्हाईकाला सांगितलं असतं तर त्यानं आयुर्वेदाचं औषध समजून सकाळ-संध्याकाळ घेतलं असतं.

गोदातीर

मी स्पर्धा परीक्षेची तयारी करते, म्हणून या विषयातले मराठी प्रतिशब्द रोज डोळ्यांखालून जातात. सगळ्यात डोळ्यात खुपतो तो 'करस्वर्ग', म्हणजे जिथं कर नाही किंवा नावापुरता आहे असा देश, इंग्रजीत 'टॅक्स हेवन'. त्यातल्या 'haven'चा अर्थ वादळात नावेला आसरा देणारं बंदर. एक अक्षर जास्तीचं, 'heaven' असं, वाचून कुणीतरी स्वर्ग केला असणार, असं मी मैत्रिणींना ठासून सांगत होते. मग कळलं की फ्रेंच आणि स्पॅनिश माणसं खरोखरच 'करांचा स्वर्ग' म्हणतात, आणि जर्मन 'करांचं ओॲसिस', म्हणजे वाळवंटातली पाण्याची जागा. तेव्हा स्वर्ग म्हणणाऱ्यांना मी माफ केलं. तरी मला 'आसरा' बरा वाटतो. करआसरा. 'नंदनवन' नको, त्यात कौतुक आहे.

दुसरा 'ऑफशोअर', परदेशात नोंदवलेल्या कंपनीला किंवा तिथल्या खात्याला लावतात तो. किनाऱ्यापलीकडचं. आपल्या मराठवाड्याला समुद्र नाही, किनारा म्हटलं की गोदावरीचा. मी 'पैलतीरी कंपनी' सुचवून बघितलं, तर आजी म्हणाली, पैलतीर संतांनी वेगळ्या कामासाठी राखून ठेवलाय, तिथं कंपन्या नेऊ नको. शिवाय या धंद्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव स्वित्झर्लंड, त्यालाही समुद्र नाही. बँकेतल्या माणसानं गिऱ्हाईकाचं गुपित फोडलं तर गुन्हा, असा कायदा त्यांनी १९३४ मध्ये केला होता. आता तेच स्वित्झर्लंड २०१९ पासून भारताला खात्यांची माहिती दरवर्षी आपणहून पाठवतं. तर 'ऑफशोअर' तसाच ठेवू या, असं माझं मत.

कोरडवाहू

शेल कंपनीला आम्ही घरी 'पोचट कंपनी' म्हणतो. सोयाबीन लावणाऱ्याला समजावून सांगायची गरज नाही. शेंग झाडाला लागलेली असते, वरून हिरवीगार, दाबली की आत दाणा नाही. 'बनावट कंपनी' हा शब्द चूक आहे, कारण तिची नोंदणी खरी असते, शिक्के खरे असतात. फक्त आत काही नसतं.

आणि एक. नदीतून रात्री वाळू नेली तर वाळूचोर. आकडा टाकला तर वीजचोर. मग करालाच 'चुकवेगिरी' हा सोज्वळ शब्द कामून?

हिशोबनीस, जालना

'पोचट' घेतला, उद्या ऑफिसात वापरतो. 'करचोरी'ही आता ऐकू येते, जीएसटीच्या धाडीच्या बातम्यांत तर नेहमी. पण चोरीत दुसऱ्याची वस्तू उचलावी लागते, इथं आपल्या खिशातली द्यायची राहते. म्हणून मला मुनीमजींचा 'बुडवणे' जास्त नेमका वाटतो. काळ्या पैशाचा २०१५ चा कायदा वाचा. परदेशातली मालमत्ता दडवली तर तीस टक्के कर, वर त्याच्या तिप्पट दंड, आणि जाणूनबुजून केलं असेल तर तीन ते दहा वर्षं तुरुंग. एवढी शिक्षा 'चुकवेगिरी'ला शोभत नाही. 'बुडवेगिरी'ला शोभते.

गोदातीर

सर, 'बेनिफिशियल ओनर'ला, म्हणजे कागदावर नाव दुसऱ्याचं पण फायदा ज्याला मिळतो त्याला, काय म्हणावं? आमच्या नोट्समध्ये 'लाभार्थी मालक' आहे. 'लाभार्थी' म्हटलं की घरकुलाची यादीच डोळ्यांपुढं येते.

बालाघाट

'खरा धनी' म्हणा. सीलिंगच्या, म्हणजे एकाला किती जमीन ठेवता येईल त्या कायद्याच्या वेळी जमिनी कुणाकुणाच्या नावावर चढल्या ते आम्ही ऐकून आहोत. सातबाऱ्यावर सालगड्याचं नाव, आणि तोच सालगडी त्याच रानात रोजानं खुरपायला. गाव विचारायचं, 'सातबारा राहू द्या, धनी कोण?' बेनामी म्हणजे शब्दशः बिननावाचं, पण तिथं नाव असतंच. दुसऱ्याचं असतं, एवढंच.

हिशोबनीस, जालना

'खरा धनी' उत्तम. कंपनी कायद्यात आता दहा टक्के किंवा त्याहून जास्त हिस्सा ज्याच्या हातात, त्याला स्वतःहून नाव सांगावं लागतं, मधे कितीही कंपन्यांचे पदर असोत.

आणि धन्याचाच विषय निघाला तर आपल्याच मुलखाच्या तिजोरीतला एक खटला आठवतो. हैदराबाद संस्थान भारतात आलं १७ सप्टेंबर १९४८ ला. त्यानंतर तीन दिवसांनी संस्थानचे दहा लाखांवर पौंड लंडनच्या बँकेत पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या खात्यात गेले. निजाम म्हणाले, मी परवानगी दिली नव्हती. बँकेनं पैसे धरून ठेवले. नाव एकाचं, पैसा दुसऱ्याचा, आणि तो दुसरा कोण यावर तीन दावेदार. निकाल लागला २ ऑक्टोबर २०१९ ला, निजामाचे वारस आणि भारत यांच्या बाजूनं. तोवर रक्कम व्याजासकट साडेतीन कोटी पौंड झाली होती. हा कर बुडवण्याचा मामला नव्हे, पण धनी ठरवायला एकाहत्तर वर्षं लागली.

कोरडवाहू

त्यात आमच्या आज्यानं भरलेली करोडगिरीपण असंल की. व्याज कुणाकडं मागायचं?

बालाघाट

तुमचा आजा भरायचा? आमच्याकडं तर तुमच्या गावाची घंटा काढणारी गाडी म्हणून ख्याती होती.

तेरणाकाठ

सगळ्यांचे आभार. तक्ता उद्या बदलतो : वाचवणे, टाळणे (चालणारं आणि न चालणारं), चुकवणे, बुडवणे, थकवणे. करआसरा, पोचट कंपनी, खरा धनी हेही घेतो. ऑफशोअरला हात लावत नाही.

निबंध मात्र अजून टेबलावर पडून आहे. 'चुकवावा'खाली लाल रेघ मारलेली आहे, चूक की बरोबर ते लिहिलेलं नाही.

मोंढ्यातला मुनीम

वर 'चुकता करावा' लिहा अन् पोराचे मार्क चुकते करा. थकवू नका.