पुण्याहून सिंधुदुर्ग, २२ जण: छोट्या विमान कंपनीची तिकिटं पाच महिने आधी काढावीत का?

नवरीचा_मामा: डिसेंबरात कुडाळला लग्न आहे. पुण्याहून २२ माणसं, निम्मी साठीपुढची. एटीआरवाल्या (पंख्याच्या छोट्या विमानांच्या) छोट्या कंपनीची थेट सेवा आहे. बजेट एका बाजूचं माणशी ४,०००. मोठ्या कंपनीचा हात डोक्यावर नसलेली एअरलाइन तोवर टिकेल का? पैसे आत्ता अडकवू की थांबू?

हिशेबनीस: 'उडान'मध्ये, म्हणजे छोट्या शहरांना विमानाने जोडायच्या केंद्राच्या योजनेत, ठरावीक सीट सवलतीत विकायच्या, तूट सरकार भरून देतं, आणि त्या रूटवर दुसरं कोणी येत नाही. हे सगळं तीनच वर्षं. चौथ्या वर्षी खरी परीक्षा. चिपीची, म्हणजे सिंधुदुर्ग विमानतळाचीच, मुंबई सेवा बघा: ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाली, तीन वर्षं भरली आणि थांबली. तुमच्या रूटची मुदत कधी संपते ते आधी बघा.

कोकणी_बाणा: चार हजारांच्या मागे कशाला लागता? मोठ्या कंपनीने गोव्यात मोपा विमानतळावर उतरा, सात-आठ हजार जाऊ देत. एक फेरी रद्द झाली तर पुढच्या विमानात बसवतात.

नवरीचा_मामा: बजेट ४,००० आहे हो.

रनवे_२७: बाणांचा दुसरा मुद्दा मात्र खरा. छोट्या कंपनीचं एकच विमान दिवसात चार-पाच गावं करतं. सकाळी ते हँगरात अडकलं की संध्याकाळपर्यंतच्या सगळ्या फेऱ्या बोंबलतात. इंटरलाइन करार (एकमेकांचे प्रवासी घ्यायचा) नसेल तर दुसऱ्या कंपनीत बसवायची सोय नाही. विमानाचं भाडं आणि इंजिनाच्या देखभालीचे तासागणिक पैसे डॉलरमध्ये, तिकीट रुपयात. पायलट तयार झाला की मोठी कंपनी उचलते.

एटीआर_एके_एटीआर: रडगाणं पुरे. ८० पेक्षा कमी सीटच्या विमानाला विमानतळ प्राधिकरणाच्या तळांवर लँडिंग चार्ज माफ असतो. ४० टनांखालच्या विमानाच्या इंधनावर राज्याला वाटेल तेवढा कर लावता येत नाही. कोल्हापूरच्या घोडावतांची स्टार एअर जानेवारी २०१९ पासून उडतेय, कोविड पचवून.

हिशेबनीस: ती माफी इंडिगोच्या ७८ सीटच्या एटीआरलाही मिळते, मग छोटीचा फायदा कुठे उरला? स्टार एअरमागे समूहाचा पैसा आहे. ट्रूजेटकडेही एटीआर होती, नांदेड-जळगाव-कोल्हापूरही होतं. २०२२ मध्ये बंद पडली.

व्हर्जिनियाकर: इकडची, अमेरिकेतली इंडिपेंडन्स एअर आठवली. आधी बड्या युनायटेड एअरलाइन्ससाठी कंत्राटावर उडायची, इंधन महागलं तर झळ युनायटेडला. जून २००४ मध्ये स्वतःच्या नावावर निघाली, ५० सीटची जेट घेऊन वॉशिंग्टनच्या डलस तळावर युनायटेडशीच भाडेयुद्ध. ५ जानेवारी २००६ ला शटर खाली. उलट लोगनएअर स्कॉटलंडच्या बेटांवर चालू आहे, कारण तिथे दुसरा पर्याय बोटीचा.

कोकणी_बाणा: कुडाळच्या लग्नात वॉशिंग्टन कुठून आलं? पण बोटीवरून सांगतो, इथे रातराणी आहे. रात्री पुण्यात बसा, सकाळी दारात.

रनवे_२७: छोट्या एअरलाइनची खरी स्पर्धक तीच बस.

तिकीटखिडकी: आता कामाचं. साइटवर एका पीएनआरवर साधारण नऊच जण बसतात. नऊ एकदम शोधलेत आणि स्वस्त स्लॅबमध्ये सहाच सीट उरल्या असतील, तर नऊच्या नऊ वरच्या दराने लागतात. त्यामुळे चार-चारचे गट करा किंवा ग्रुप डेस्कला मेल टाकून थोडी अनामत देऊन दर धरा. पैसे क्रेडिट कार्डाने भरा, सेवा मिळाली नाही तर बँकेकडे चार्जबॅक (भरलेले पैसे परत) मागता येतो. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट दिवाळखोरीत गेली तेव्हा रिफंड रांगेत अडकले. प्रवास विम्यात 'कंपनी बुडाली तर' हे कलम बहुधा नसतं, आधी वाचा. आणि लग्नाच्या आदल्या दिवशीचं विमान नको, दोन दिवस हातात ठेवा.

एटीआर_एके_एटीआर: मीही तेच म्हणत होतो, कार्ड वापरा.

हिशेबनीस: तुम्ही कर सांगत होतात.

नवरीचा_मामा: सगळ्यांचे आभार. सासऱ्यांनी काल २२ही तिकिटं काढली. जाऊन-येऊन, त्याच कंपनीची, यूपीआयने. कार्डाला फी जास्त पडत होती म्हणे. जाणं लग्नाच्या आदल्या दिवशी.

तिकीटखिडकी: 🙏

एटीआर_एके_एटीआर: मग सीट नीट निवडा. पुढच्या रांगा प्रोपेलरच्या रेषेत येतात, आवाज तिथे जास्त. ज्येष्ठांना मागे बसवा, चढायचं दारही मागेच. चाकाच्या मोठ्या बॅगा वरच्या कप्प्यात मावतीलच असं नाही, औषधं वेगळ्या पिशवीत ठेवा.