‘फ्रीरेन’चा उत्तरार्ध का खटकतो? आणि पूर्वार्धासारखे आणखी काय पाहावे, वाचावे?

निवांतवाचक (धागाकर्ती)

नमस्कार. मी अ‍ॅनिमे बऱ्यापैकी नियमितपणे पाहते (म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन), मांगा (जपानी चित्रकथा) त्याहून कमी वाचते आणि जपानी कादंबऱ्या इंग्रजी अनुवादांतून हाती लागतील तशा वाचते. अलीकडे पाहिलेल्यांपैकी मनात घर करून राहिलेली मालिका म्हणजे ‘फ्रीरेन’. मात्र तिच्याविषयीचे माझे मत पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे दुभंगलेले आहे आणि ते येथील जाणकारांपुढे मांडावे म्हणून हा धागा काढला आहे. पहिल्या पर्वाच्या शेवटापर्यंतचे स्पॉयलर पुढे आहेत, याची नोंद घ्यावी.

ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मूळ मांगाची कथा कानेहितो यामादा यांची आणि चित्रे त्सुकासा आबे यांची असून ती ‘शोनेन संडे’ या साप्ताहिकात २०२० पासून येऊ लागली. मॅडहाउस स्टुडिओने केलेले २८ भागांचे पहिले पर्व सप्टेंबर २०२३ ते मार्च २०२४ या काळात प्रसारित झाले. इतर कथा जिथे संपतात तिथे ही सुरू होते. दैत्यराजाला मारून वीर हिमेल, धर्मगुरू हायटर, योद्धा आयझेन आणि जादूगारीण फ्रीरेन राजधानीत परततात. फ्रीरेन ही हजाराहून अधिक वर्षे जगलेली एल्फ (माणसासारख्या दिसणाऱ्या दीर्घायुषी जमातीतली) असल्यामुळे सोबत्यांबरोबर काढलेली दहा वर्षे तिच्या लेखी किरकोळ असतात. पन्नास वर्षांनी ती पुन्हा भेटायला येते तेव्हा हिमेल म्हातारा झालेला असतो आणि लवकरच मरण पावतो. त्याच्या दफनाच्या वेळी तिला रडू कोसळते, कारण या माणसाला आपण कधी जाणून घेतलेच नाही हे तिला तेव्हा उमगते. तिथून पुढची कालगणना ‘हिमेलच्या मृत्यूनंतर अमुक वर्षांनी’ अशी पडद्यावर उमटत राहते.

दुसऱ्या भागातला प्रसंग मला विशेष भावला. एका गावात हिमेलचा दुर्लक्षित पुतळा असतो. एका वृद्ध बाईंच्या विनंतीवरून फ्रीरेन आणि तिची शिष्या फेर्न तो स्वच्छ करतात आणि मग फ्रीरेन हिमेलच्या गावची निळी फुले शोधू लागते. ती फुले तिने स्वतः कधी पाहिलेली नसतात. महिन्यांमागून महिने जातात, फेर्न वैतागते, एवढ्या काळात किती लोकांना मदत करता आली असती असे तिला वाटते. तिचे म्हणणे मुळीच चूक नाही, आणि दिग्दर्शक केइइचिरो साइतो ते चूक ठरवण्याची घाईही करत नाहीत.

आणि मग अठराव्या भागापासून परीक्षा सुरू होते! प्रथम श्रेणीच्या जादूगाराची परीक्षा, तिघातिघांचे गट, पक्षी पकडणे, नव्या उमेदवारांची रांगच्या रांग. शोनेन, म्हणजे किशोरवयीन मुलांसाठीच्या, मांगाच्या वाचकाला हे सारे तोंडपाठ आहे. इतक्या संयमाने चाललेली कथा नेहमीच्या मळलेल्या वाटेवर का आली, हे मला कळले नाही. मांगामध्येही हा भाग असाच वाटतो का? आणि पूर्वार्धातला तो सावकाशपणा अलीकडच्या आणखी कोणत्या अ‍ॅनिमे, मांगा किंवा कादंबरीत सापडतो?

शाईचा_डाग

आपल्या निरीक्षणाशी अर्धा सहमत आहे. परीक्षेच्या भागात पात्रांची गर्दी झाली आहे आणि त्यांतील काहींची नावे मला आजही आठवत नाहीत. परंतु त्या परीक्षेचा शेवट विसरून तिचे मोल करणे अन्यायाचे होईल. अंतिम फेरीत सेरी ही महाजादूगारीण फ्रीरेनला तिची आवडती जादू विचारते. फ्रीरेन फुलांचे शेत फुलवण्याची जादू सांगते आणि नापास होते. पुढे फेर्न उत्तीर्ण होते आणि बक्षीस म्हणून वाटेल ती जादू मागण्याची मुभा मिळाल्यावर कपड्यांवरचे डाग घालवण्याची जादू मागून घेते. जगातील सर्वांत सामर्थ्यवान बाईसमोर उभे राहून धुण्याची सोय मागणारी ही मुलगी, त्या निळ्या फुलांच्या शोधावर वैतागलेल्या मुलीपासून किती पुढे आली आहे, ते दाखवायला अकरा भाग लागले असतील तर मला ते मान्य आहेत. (सात भागांत झाले असते, हेही मान्य आहे.)

मांगामध्ये हा भाग कमी बोचतो, कारण आबे यांची चौकट फार थोडे दाखवते. चेहरे जवळजवळ स्थिर, मारामारी एकदोन पानांत उरकलेली, आणि विनोद न सांगता पुढे निघून जाणारा. संदुकीच्या वेशातल्या राक्षसाच्या तोंडात अडकून पाय झाडणारी फ्रीरेन मांगात पाहिली की हा विनोद मुळात किती कोरडा आहे ते कळते. अ‍ॅनिमेमध्ये मॅडहाउसने लढाया बऱ्याच वाढवल्या आहेत. त्या देखण्या आहेत यात वाद नाही, पण त्यामुळे कथेचा तोल हलतो, आणि ज्याला आपण उत्तरार्धाचा दोष म्हणता तो काही अंशी रूपांतराचा दोष आहे.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. या कथेतले दैत्य माणसांची भाषा केवळ फसवण्यासाठी बोलतात. एक दैत्यबालिका मरणाच्या दारात ‘आई’ म्हणून हाक मारते आणि हिमेलचा हात थांबतो. पुढे तीच मुलगी, तिला आश्रय देणाऱ्या गावप्रमुखाला ठार करते. तो शब्द उच्चारला की माणसे मारायचे थांबतात, एवढेच तिला ठाऊक असते. प्रसंग म्हणून हे लेखन धारदार आहे, पण एका संपूर्ण जमातीला जन्मतः निर्दय ठरवून टाकले की समजून घेण्याविषयीची ही कथा आपलाच मूळ प्रश्न अर्ध्या जगापुरता बंद करून टाकते, असे मला वाटत राहिले.

खिडकीतला_बोका

दैत्यांविषयी असहमत. ते दुष्ट आहेत असे कथा म्हणतच नाही. वाघ हरिण खातो त्याला आपण दुष्टपणा म्हणत नाही. त्यांना माणसांविषयी काहीच वाटत नाही, आणि फ्रीरेनलाही माणसांविषयी सुरुवातीला फारसे काही वाटत नव्हते. फरक इतकाच की ती पुढे प्रयत्न करते. दैत्य नसते तर तिचा तो प्रयत्न किती अवघड आहे हे दिसलेच नसते. बाकी परीक्षेविषयी धागाकर्तीच्या बाजूने माझे मत नोंदवावे.

कढईतले_प्रयोग

दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण त्याचे उत्तर माझ्यापाशी तयार आहे. र्‍योको कुइ यांची ‘डंजन मेशी’ ही मांगा वाचावी. ‘हार्ता’ या मासिकात ती २०१४ पासून २०२३ पर्यंत चालली आणि १४ खंडांत पूर्ण झाली. ट्रिगर स्टुडिओने केलेले तिचे २४ भागांचे अ‍ॅनिमे २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर आले. नायक लायोसच्या बहिणीला भुयारातला लाल ड्रॅगन गिळतो, तिला सोडवायला जायचे तर शिधा घ्यायला पैसे नाहीत, म्हणून वाटेत भेटेल तो राक्षस मारून, शिजवून खायचे असे ठरते. ऐकायला हे थट्टेसारखे वाटते आणि पहिले काही भाग तसे आहेतही.

पण कुइ यांची नजर विलक्षण आहे. चालते चिलखत ही कल्पना प्रत्येक खेळात आणि कादंबरीत असते, ते चालते कसे हे मात्र कोणी विचारत नाही. इथे त्या चिलखताच्या आत शंखशिंपल्यांच्या जातीचे जीव वसाहत करून राहतात असे निघते, आणि मग अर्थातच ते भाजून, उकडून खाल्ले जातात. सेन्शी हा बुटका आचारी गोलेमांच्या, म्हणजे जादूने चालणाऱ्या मातीच्या पुतळ्यांच्या, पाठीवर भाजी पिकवतो. भाजी काढून झाली की नवे बी पेरून तो त्यांना पुन्हा उभे करून देतो, कारण भुयाराचा समतोल बिघडला तर उद्या कोणालाच जेवण मिळणार नाही. ‘फ्रीरेन’मध्ये जग हे पार्श्वभूमीसारखे आहे, इथे जगाचा कारभार हीच गोष्ट आहे. आपल्याला हवा असलेला सावकाशपणा येथे भाजी चिरण्यात, आतडी वेगळी करण्यात, रस्सा उकळण्याची वाट पाहण्यात आहे, आणि पुढे कथा गडद होते तेव्हाही ती हा धीर सोडत नाही. अ‍ॅनिमेचे पहिले पर्व साधारण निम्म्या वाटेवर थांबते, म्हणून मांगाच पूर्ण वाचावी असा माझा आग्रह आहे.

‘लुक बॅक’चे नाव कोणी घेतले नाही याचे आश्चर्य वाटले. तात्सुकी फुजिमोतो यांची ही एकाच अंकात संपणारी दीर्घ मांगा जुलै २०२१ मध्ये आली आणि कियोताका ओशियामा यांचा त्यावरील चित्रपट जून २०२४ मध्ये प्रदर्शित झाला. लांबी फक्त ५८ मिनिटे. शाळेच्या वार्तापत्रात व्यंगपट्टी काढणारी गर्विष्ठ फुजिनो आणि शाळेतच न येणारी, पण तिच्याहून सरस चित्रे काढणारी क्योमोतो, अशा दोघींची ही कथा आहे. क्योमोतो आपल्या चित्रांची चाहती आहे हे कळल्यावर फुजिनो पावसात शेतांमधल्या रस्त्याने उड्या मारत घरी जाते, त्या दृश्यात रेषा मुद्दाम खडबडीत ठेवली आहे, जणू आनंदामुळे चित्रकाराचाच हात ताब्यात राहिलेला नाही. उरलेला बराच वेळ आपण मेजावर वाकलेल्या मुलीची पाठ पाहतो. ऋतू बदलतात, वह्यांची चळत वाढते, पाठ तीच.

निवांतवाचक

आभार. ‘डंजन मेशी’चे दोन भाग पाहून मी ती निव्वळ विनोदी समजून बाजूला ठेवली होती, आता मांगा मागवते. डागांच्या जादूचा मुद्दा पटला. अकरा भागांचा अजूनही पटलेला नाही. कादंबऱ्यांविषयी कोणी लिहील का? ‘कॉफी थंड होण्याआधी’ छापाची, मांजर आणि पुस्तकाचे दुकान यांभोवती फिरणारी ऊबदार पुस्तके मी पुरेशी वाचली आहेत आणि आता त्यांचा मला कंटाळा आला आहे.

समासातील_टीप

त्या ऊबदार पुस्तकांवर उतारा म्हणून दोन कादंबऱ्या सुचवते. असाको युझुकी यांची ‘बटर’ जपानमध्ये २०१७ मध्ये आणि इंग्रजीत २०२४ मध्ये आली. पुरुषांना जेवणाने भुलवून ठार मारल्याचा आरोप असलेली काजिइ तुरुंगात आहे आणि रिका ही पत्रकार तिची मुलाखत मिळवण्यासाठी धडपडते आहे. काजिइ तिला पहिला धडा देते तो असा, की गरम भातावर फ्रिजमधले थंडगार लोणी आणि सोया सॉस घालून खा. आपल्याकडे गरम भातावरचे तूप हे लहानपणाचे सुख आहे, त्यामुळे या पानावर मराठी वाचकाला परके काहीच वाटणार नाही. पण पुढे रिकाचे वजन वाढते आणि ज्यांनी तिच्या कामाकडे कधी लक्ष दिले नव्हते ते सगळे तिच्या शरीराविषयी बोलू लागतात, तेव्हा हे पुस्तक खुनाच्या तपासापासून लांब, फार जवळच्या जागी येऊन पोहोचते. मधला भाग लांबला आहे आणि शेवटी लेखिका काही गोष्टी वाजवीपेक्षा जास्त समजावून सांगते. तरीही वाचावेच.

दुसरी साओ इचिकावा यांची ‘हंचबॅक’, २०२३ च्या अकुतागावा या जपानमधल्या मानाच्या साहित्य पारितोषिकाची मानकरी. अगदी लहान पुस्तक आहे आणि सावकाश मुळीच नाही. इचिकावा स्वतः स्नायूंच्या जन्मजात आजारामुळे श्वसनयंत्र आणि चाकांची खुर्ची वापरतात, आणि त्यांची निवेदिका शाका हिलाही तसाच आजार आहे. जाड पुस्तक हातात धरले की तिच्या वाकलेल्या कण्यावर ताण येतो. पुस्तक दिसणे, धरता येणे, पान उलटता येणे, बसून राहता येणे आणि दुकानापर्यंत जाता येणे, या पाच गोष्टी गृहीत धरणाऱ्या वाचनसंस्कृतीचा ती उघड द्वेष करते. नव्या पुस्तकाच्या वासाविषयी आपल्याकडे किती कौतुकाने लिहिले जाते! मीही लिहिले आहे. ते परिच्छेद वाचल्यानंतर मला तसे लिहिणे जमलेले नाही. पुस्तकात लैंगिक प्रसंग थेट आणि बोचरे आहेत, याची पूर्वसूचना देऊन ठेवते.

आगगाडीची_शाळा

सर्वांनी अलीकडचे लिहिले, परंतु मराठी वाचकाला सर्वांत जवळचे असलेले अलीकडचे अ‍ॅनिमे राहूनच गेले. ‘तोत्तोचान’ आपल्यापैकी कित्येकांनी चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या मराठी अनुवादातून वाचले आहे. तेत्सुको कुरोयानागी यांच्या, स्वतःच्या शाळेच्या आठवणींच्या त्या १९८१ च्या पुस्तकावर डिसेंबर २०२३ मध्ये जपानमध्ये चित्रपट आला. दिग्दर्शन शिन्नोसुके याकुवा यांचे, आणि स्टुडिओ शिन-एइ, म्हणजे आपल्या घरोघरी पोहोचलेल्या ‘डोरेमॉन’चाच. पात्रांच्या गालांवर आणि ओठांवर जुन्या बालपुस्तकांतल्या चित्रांसारखी लाली आहे. सुरुवातीला ती जरा विचित्र वाटते, पण दहा मिनिटांत नजर सरावते.

पुस्तकात युद्ध पुष्कळसे कडेला राहते. चित्रपटात ते इतके हळूहळू आत येते की नेमके कधी आले ते सांगता येऊ नये. समुद्रातले काहीतरी आणि डोंगरावरचे काहीतरी अशा मुख्याध्यापक कोबायाशी गुरुजींच्या नियमाने भरलेले जेवणाचे डबे आधी रंगीबेरंगी दिसतात, मग त्यांतला एकेक रंग कमी होत जातो. कोणीही त्याविषयी भाषण करत नाही. वर्गमित्र यासुआकीचानच्या मृत्यूनंतर तोत्तोचान रस्त्यांतून धावत सुटते, आणि आजूबाजूला सैन्यात निघालेल्यांना निरोप देणारी गर्दी झेंडे हलवत असते. तिच्या दुःखाशी त्या गर्दीला काहीही कर्तव्य नाही आणि ती आपल्याच नादात पुढे पळते. फेर्नला चूक न ठरवणारा दिग्दर्शक धागाकर्तीला आवडला असेल, तर याकुवा यांचा हा संयमही आवडेल. घरात लहान मुले असतील तर त्यांच्याबरोबर जरूर पाहावा, पण शेवटचा अर्धा तास शेजारी बसावे, कारण ज्या आगगाडीच्या डब्यांत ती शाळा भरते त्यांचे पुढे काय होते हे पुस्तक वाचलेल्यांना ठाऊक असले तरी मुलांना नसते.