बटण सेलवर ई-पेपर की मेमरी एलसीडी?

बटणसेल:
दोन वस्तू करायच्या आहेत, दोन्ही सीआर२०३२ वर (साधारण २२० एमएएच). एक तापमान-आर्द्रता मीटर, दर ५ मिनिटांनी आकडा बदलणार. दुसरी ड्रॉवरवरची पाटी, दिवसातून एखाद-दोनदा बदलेल. दोन्हींना छोटा ई-पेपर लावावा म्हणतोय, चित्र धरून ठेवायला वीज लागत नाही म्हणून. अंधारात दिसायची गरज नाही.

सोल्डरगन:
पाटीला डोळे झाकून ई-पेपर. मीटरला नको.

धरून ठेवायला वीज लागत नाही हे खरं, पण बदलायला लागते आणि हिशेब तिथेच फिरतो. काळा-पांढरा पॅनेल पूर्ण रिफ्रेशला ३ व्होल्टवर ८ एमए, २ सेकंद घेतो असं धरा: ४८ मिलिज्यूल. मेमरी एलसीडी (प्रत्येक ठिपका आपली स्थिती लक्षात ठेवतो अशी, अगदी थोड्या विजेवर चालणारी एलसीडी) सतत ५० मायक्रोवॉट खाते असं धरलं, तर तेवढ्यात तिची १६ मिनिटं निघतात. म्हणजे १६ मिनिटांच्या आत आकडा बदलणार असेल तर मेमरी एलसीडीच परवडते. तुमच्या ५ मिनिटांना ई-पेपर रोज १.३ एमएएच खाईल, ती ०.४. तुमच्या पॅनेलचे आकडे डेटाशीटमधून घाला.

मल्टीमीटर:
हिशेब बरोबर. आता खाचखळगे.

शार्प कंपनीच्या मेमरी एलसीडीत चिप सिलेक्ट (पडद्याला ‘आता तुझ्याशी बोलतोय’ सांगणारी पिन) उलटा असतो, हाय केल्यावर निवड होते. नेहमीचा एसपीआय (चिपांमधल्या सीरियल जोडणीचा) कोड तसाच टाकला की पडदा कोरा. शिवाय मायक्रोकंट्रोलर झोपलेला असतानाही व्हीकॉम (काचेच्या सामाईक इलेक्ट्रोडचं व्होल्टेज) उलटत राहिला पाहिजे, नाहीतर काचेवर डीसी साचून डाग राहतात. पडद्याची एक्स्टमोड पिन हाय करून एक्स्टकॉमिन पिनला आरटीसीचा (घड्याळ चिपचा) १ हर्ट्झ द्या, काम झालं.

ई-पेपरला सेल थंड किंवा अर्धा संपलेला असला की रिफ्रेशच्या मध्येच व्होल्टेज बसतं, कंट्रोलर रीसेट होतो आणि अर्धंच चित्र उरतं. समांतर १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून सुरुवातीचा झटका निभावतो, २ सेकंदांची ओढ नाही. त्यापेक्षा दोन एएए सेल घ्या. रिफ्रेश झाल्यावर पॅनेलला डीप स्लीपची (गाढ झोपवायची) कमांड द्यायला विसरू नका. तीन रंगी पॅनेल तर नकोच, एका रिफ्रेशला १५ सेकंदांच्या आसपास लागतात.

बटणसेल:
मीटरवर तसे चारच अंक हवेत, आलेख वगैरे नाही.

सोल्डरगन:
मग आधी सांगायचं ना! साधी सेगमेंट एलसीडी (कॅलक्युलेटरसारखी, ठरलेल्या पट्ट्यांनी अंक दाखवणारी) घ्या, आत एलसीडी ड्रायव्हर असलेल्या कंट्रोलरवर. ४ कॉमन आणि ८ सेगमेंट लाइन, १२ पिनांत ३२ सेगमेंट. चार अंकांचे (प्रत्येकी ७) २८ जाऊन दशांश चिन्हाला आणि अंश-टक्क्याला ४ उरतात. काच काही मायक्रोअँपवर चालते.